मागचं चाक जाम झालं, म्हणजे ब्रेक कमी पडला?

पत्राचा सारांश: वाचक 26 वर्षांचे, राहायला ठाण्यात कासारवडवलीला, नोकरी वागळे इस्टेटमध्ये, दुसरी पाळी. गाडी वडिलांची. ते 2016 साली निवृत्त झाले तेव्हा घेतलेली, 125 सीसी, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. वडील ती बाजारहाटापुरतीच काढायचे, त्यामुळे आजवर जेमतेम 19 हजार किलोमीटर झाली आहे. ‘टायरसुद्धा अजून कंपनीचेच आहेत, खाचा स्पष्ट दिसतात.’ जूनच्या पहिल्या जोरदार सरीत पातलीपाड्याचा उड्डाणपूल उतरताना पुढची रिक्षा अचानक थांबली. वेग चाळीसच्या आसपास होता. ‘पायातला ब्रेक दाबला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. गाडी आडवी होऊन घसरत गेली.’ कोपर आणि गुडघा सोलवटला, आरसा तुटला. आता आई मागे बसत नाही. कंपनीतले मित्र म्हणतात, ड्रम आहे म्हणून पडलास, मागे डिस्क बसवून घे. ओळखीच्या मेकॅनिकने कुर्ल्याहून 150 सीसीच्या गाडीचा जुना माल आणून काम करून देतो, असं सांगितलं आहे. साडेअकरा हजार सांगितले, दोन हजार आगाऊ घेतले. वडिलांचं म्हणणं, ‘ब्रेक बिघडलेला नाही, चालवणारा बिघडलाय.’ वाचकांना वाटतं, वडील पैशासाठी अडून बसले आहेत. ते विचारतात, डिस्क बसवू की नको?

उत्तर:

कोपर-गुडघ्यावर भागलं हे आधी बरं झालं. पूल उतरताना मागून डंपर नव्हता, याचं श्रेय ना ड्रमला ना डिस्कला.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘मागचं चाक जागच्या जागी जाम झालं.’ मित्रांनी सगळी चर्चा ड्रम आणि डिस्कवर नेली, पण उत्तर या वाक्यातच आहे. ब्रेक कमी पडला असता तर चाक फिरत राहिलं असतं आणि तुम्ही रिक्षाच्या मागच्या सीटवर जाऊन बसला असतात. तसं झालं नाही. ब्रेकने चाक पुरतं धरलं, धरायला नको इतकं धरलं. चाक थांबलं, गाडी थांबली नाही, कारण चाकाखालच्या रबराने रस्ता सोडला होता.

आता त्याच जागी डिस्क असती तर? चाक तेवढंच जाम झालं असतं, कदाचित थोडं आधी. जाम झालेल्या चाकाला आणखी जाम करता येत नाही. साडेअकरा हजार घालून तुम्ही जी ताकद विकत घेणार आहात, ती त्या दिवशी तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त होती.

मग रबराने रस्ता का सोडला? पहिल्या पावसाचा रस्ता हे एक कारण आहेच. उन्हाळाभर सांडलेलं ऑइल, टायरांची पूड, धूळ, आणि घोडबंदरला मेट्रोच्या कामाची माती, हे सगळं पहिल्या सरीत वर येऊन साबणासारखं होतं. दोन-चार दिवस चांगला पडला की ते धुऊन जातं. पण मला जास्त खटकलं ते तुम्ही अभिमानाने लिहिलेलं वाक्य: टायर अजून कंपनीचेच.

आज घरी गेलात की मोबाइलची बॅटरी लावून मागच्या टायरच्या बाजूचा भाग नीट बघा. लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले सापडतील. पहिले दोन म्हणजे आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. 2316 असेल तर टायर 2016 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नाही सापडले तर दुसऱ्या बाजूने बघा, कधीकधी एकाच बाजूला असतात. मग नखाने रबर दाबून बघा. नव्या टायरमध्ये नख थोडं रुततं. तुमच्यात बहुतेक प्लास्टिकच्या बादलीवर नख मारल्यासारखं वाटेल. गाडी कमी चालली म्हणून टायर झिजला नाही, पण उन्हात, पार्किंगमध्ये उभा राहून वाळत गेला. खाच किती खोल आहे हे डोळ्यांना दिसतं, रबर किती कडक झालंय ते दिसत नाही. ओल्या रस्त्यावर दोन्ही लागतात. खाच पाणी बाहेर टाकते आणि मऊ रबर डांबराला धरतं. ‘कमी चाललेली गाडी’ ऐकून जुनी गाडी घेणाऱ्या सगळ्यांनी हे चार आकडे आधी बघावेत.

दुसरं वाक्य: ‘पायातला ब्रेक दाबला.’ हातातल्या ब्रेकचा पत्रात उल्लेखच नाही. मी अंदाज करतो, तुम्ही तो वापरतच नाही. ‘पुढचा दाबशील तर उलटशील’ हे घरोघरी सांगितलं गेलं आहे, मलाही सांगितलं होतं. ते अगदीच खोटंही नव्हतं. खडीवर, वळणात, हँडल वाकडं असताना पुढचा ब्रेक कचकन आवळला तर माणूस पडतोच. पण त्यावरून पुढचा ब्रेक वापरूच नये असा नियम काढला गेला, तिथे घात झाला. गाडी जोरात थांबते तेव्हा वजन पुढे झुकतं. उभ्या गाडीत साधारण निम्मं वजन मागच्या चाकावर असतं. कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारला की ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतं. ज्या चाकावर वजनच उरलं नाही ते रस्त्याला काय धरणार? म्हणून कंपनीने मोठी डिस्क पुढे दिली आणि मागे ड्रमवर भागवलं. त्यात काटकसर आहेच, पण हिशेबही आहे. तुमच्या गाडीला डिस्क आहे, ती दहा वर्षांपासून पुढच्या चाकात बसून आहे, आणि तुम्ही ती वापरत नाही.

वेगाचाही थोडा हिशेब करू. चाळीसच्या वेगाला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. रिक्षा थांबली हे दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला तर अकरा मीटर तिथेच गेले. पुढे दोन्ही ब्रेक नीट लागले तर कोरड्या चांगल्या रस्त्यावर साधारण नऊ-दहा मीटर, ओल्यात पंधरा-सोळा. फक्त मागच्यावर भिस्त असेल तर याच्या दुपटीपर्यंतही जाऊ शकतं, आणि उतार असेल तर त्याहून पुढे. पातलीपाड्याच्या उतारावर तुमच्यात आणि रिक्षात किती अंतर होतं, ते तुम्हीच आठवून बघा. आपल्याकडे अंतर ठेवलं की दुसरी रिक्षा मध्ये घुसते, हे मला माहीत आहे. तरी पावसात मी ते ठेवतो आणि घुसणाऱ्याला घुसू देतो.

म्हणून पहिला खर्च दोन टायरचा. मागचा आधी, जमलं तर पुढचाही लगेच. 125 च्या गाडीला एक टायर साधारण दोन-अडीच हजारात बसतो. हवा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच भरा. पंपवाला ‘पस्तीस टाकू?’ म्हणेल, त्याला हो म्हणू नका. आणि नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर जरा गुळगुळीत असतो, तेवढं अंतर हळू चालवा.

दुसरा खर्च पुढच्या डिस्कच्या ऑइलचा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमच्या गाडीत ते बहुधा 2016 चंच आहे. हँडलवरच्या छोट्या डबीची काच बघा. आतला रंग चहासारखा झाला असेल तर दुसरा पुरावा नको. डबीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 जे लिहिलं असेल तेच भरायचं, आणि पाइपात अडकलेली हवा, म्हणजे एअर, पूर्ण निघाली की नाही ते लिव्हर दाबून तुम्ही स्वतः बघायचं. लिव्हर स्पंजसारखी लागली तर परत एअर काढायला सांगा, लाजू नका.

आता त्या बिचाऱ्या ड्रमकडे येऊ. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. एवढी वर्षं न उघडलेला ड्रम हळूहळू लागत नाही. आधी काहीच नाही आणि मग एकदम धरतो. तुमचं चाक जाम होण्यात याचाही हात असू शकतो. माझ्याकडे पूर्वी 100 सीसीची गाडी होती. 26 जुलै 2005 च्या पावसात ती दोन दिवस पाण्यात उभी राहिली. बाहेर काढली तर मागचं चाक हलेना. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारं अस्तर, गंजून ड्रमला चिकटले होते. ढकलून, हलवून सोडवले आणि तशीच चालवली, तर पुढे महिनाभर तो ब्रेक मला कधी काही देईना, कधी एकदम फेकून देई. शेवटी उघडला तेव्हा लायनरना ड्रमवर दाबणाऱ्या कॅमचा दांडा गंजून आपल्या भोकात अडकत होता. पाय सोडला तरी पूर्ण परत यायचा नाही. साफ करून ग्रीसचा बोटभरही नाही, टिकलीएवढा ठिपका लावला आणि ब्रेक माणसात आला. चूक ड्रमची नव्हती, माझ्या आळसाची होती.

तुमचा ड्रम उघडला जाईल तेव्हा शेजारी उभे राहा. चाक निघालं की ब्रेकप्लेट हातात येते, तिच्यावर अर्धचंद्रासारखे दोन शू असतात. त्यांच्यावरचा लायनर काचेसारखा चमकत असेल तर तो पॉलिश झाला आहे. वर्षानुवर्षं हलका हलका ब्रेक मारणाऱ्या गाड्यांचं असंच होतं. मेकॅनिक सँडपेपर मारून देतो म्हणेल. दोन-तीन वर्षांच्या शूला ते चालतं, तुमच्या शूला नको. कंपनीचे नवे शू काही शे रुपयांत येतात, सोबत स्प्रिंगही नव्या घ्या. ड्रमच्या आतल्या कडेला कमाल व्यास कोरलेला असतो, 130 मिलिमीटरच्या ड्रमवर बहुधा 131. तेवढा झिजला असेल तरच ड्रमचा विषय. बोटाने आतून फिरवून बघा, कड लागते का. काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि समोरच्या शूमध्ये काय आहे हे नुसतं बघून कळत नाही.

पुन्हा बसवल्यावर पॅडलची ढील दोन ते तीन सेंटिमीटर ठेवा. ब्रेक रॉडच्या टोकाचा नट आवळत गेलं की ब्रेक ‘टाइट’ होतो आणि गिऱ्हाईक खूश होतं, पण चाक हाताने फिरवल्यावर घासत असेल तर तो टाइट नाही, अडकलेला आहे. ब्रेकप्लेटवर एक बाण असतो, पॅडल पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला तर शू संपले. मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का तेही बघून घ्या. रॉड हलवला की त्याची स्प्रिंग बहुधा पुन्हा लावावी लागते, आणि ते कोणी लावत नाही.

आता मेकॅनिकच्या योजनेकडे. तो फसवतोय असं मी म्हणत नाही, त्याला खरंच जमत असेल. पण ‘मागे डिस्क बसवतो’ या तीन शब्दांत किती काम दडलंय ते ऐका. डिस्क बोल्टने बसेल असं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, हवं, म्हणजे पूर्ण चाक दुसरं. त्या चाकाचा एक्सल, बाजूचे बुश, चेनचं दातेरी चाक (स्प्रॉकेट) जुळायला हवेत, नाहीतर चेन वाकडी धावते आणि काही महिन्यांत दात खाते. पायाशी ऑइलवर दाब देणारा मास्टर सिलिंडर आणि ऑइलची डबी बसवायला जागा हवी, पॅडलला नवा सांधा हवा, पाइप चिमटा (मागचं चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग) वर-खाली झाला तरी ताणला जाणार नाही असा हवा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन आणि डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन यांचं माप एकमेकांना धरून असतं. कुठून तरी दोन जमवले तर पॅडल एक तर लाकडासारखं कडक होतं, नाहीतर शिवताच चाक जाम. ज्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं, तीच पुन्हा.

यात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती ब्रॅकेटची. ब्रेक लागला की फिरणारं चाक ब्रेकला आपल्याबरोबर फिरवू बघतं. तुमच्या ड्रमला हे रोखायला ब्रेकप्लेटपासून चिमट्यापर्यंत एक दांडी आहे, खाली वाकून बघाल तर दिसेल, टोकाला नट आणि पिन. डिस्कमध्ये हाच सगळा जोर कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटवर येतो. 150 चा चिमटा तुमच्या फ्रेमला बसला नाही, तर तुमच्याच चिमट्याला पट्टीचा तुकडा वेल्डिंग करून ब्रॅकेट अडकवला जातो. ते वेल्डिंग चिरलं तर कॅलिपर डिस्कबरोबर फिरतो आणि स्पोकमध्ये जाऊन अडकतो. तेव्हा ब्रेक मारलेलाच असतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी. नव्या वेल्डिंगवर काळा रंग मारला की आत काय आहे, ते ना तुम्हाला दिसत ना मला.

कंपन्या हे कसं करतात त्याचं एक उदाहरण माझ्या लक्षात आहे. बजाजने 2018 मध्ये पल्सर 150 ची मागेही डिस्क असलेली गाडी आणली, तेव्हा फक्त ड्रम काढून डिस्क लावली नाही. चिमटा बदलला, पुढचे फोर्क जाड केले, मागचा टायर 100 च्या जागी 120 मिलिमीटर रुंद दिला. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे त्यांनाही एवढं बदलावं लागलं. तुमचा मेकॅनिक हे काम दोन दुपारांत करणार आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर गाडी अशी बदलणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नाक्यावर कोणी वाकून ब्रेक बघत नाही, हे खरं. पण अपघात झालाच तर विम्याचा सर्व्हेयर वाकून बघतो, तेच त्याचं काम असतं. गाडी वडिलांच्या नावावर आहे, हेही विसरू नका. उत्तर द्यायला ते जाणार.

आणखी एक, हे तुमच्यासाठी नाही, पण असाच विचार करणाऱ्या इतरांसाठी. 1 एप्रिल 2019 नंतर विकलेल्या 125 सीसीपर्यंतच्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, तरी असतं किंवा जोडब्रेक तरी. जोडब्रेकमध्ये पायातला ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पुढचा न वापरणाऱ्यांसाठीच जणू ही सोय केली आहे. मागचा ड्रम काढून डिस्क लावली की ती जोडणी तुटते. म्हणजे पैसे घालून गाडी आधीपेक्षा कमी सुरक्षित.

मागच्या डिस्कचे फायदे खोटे नाहीत. माळशेजसारख्या लांब घाटात दोन माणसं आणि सामान घेऊन उतरताना ड्रम तापून मंद होतो, डिस्कला वारा लागतो. पॅड किती उरले ते चाक न काढता दिसतं. पाण्यातून गेलं तर डिस्क लगेच कोरडी होते. ड्रममध्ये पाणी शिरलं तर थोडा वेळ ब्रेक हलका धरून चालवावं लागतं. तुमचं रोजचं जाणं कासारवडवली ते वागळे, त्यात सगळ्यात मोठा उतार म्हणजे उड्डाणपुलाचा. तरीही डिस्क हवीच असेल, आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती हवीशी वाटणं मी समजू शकतो, तर पैसे साठवा आणि एबीएस असलेली गाडी घ्या. फक्त विचारून घ्या, एबीएस एका चाकाला की दोन्ही चाकांना. बऱ्याच गाड्यांत ते पुढच्याच चाकाला असतं, मागचं चाक तिथेही जाम होऊ शकतं.

टायर आणि ऑइल झालं की एका रविवारी सकाळी लवकर एखादा रिकामा, सरळ, कोरडा रस्ता शोधा. खडूने एक रेघ मारा. वीसच्या वेगाने येऊन रेघेवर दोन्ही ब्रेक. पुढचा एकदम आवळायचा नाही. दोन बोटांनी आधी टेकवायचा, वजन पुढे आल्याचं हाताला कळलं की दाब वाढवायचा, लिंबू पिळतो तसा. क्लच शेवटच्या क्षणापर्यंत सोडलेलाच. ब्रेकबरोबर क्लच दाबायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, त्याने इंजिनची मदत जाते. मग तीस, मग चाळीस. दर वेळी कुठे थांबलात तिथे खूण करा. मागचं चाक किंचाळलं तर पाय थोडा सैल करून पुन्हा दाबा, ते पायाला शिकवावं लागतं. वीस-पंचवीस वेळा केलं की हात आपोआप लिव्हरवर जातो. आईला मागे बसवायचं ते यानंतर, आणि पहिल्या दिवशी पुलावरून नको.

वडिलांबद्दल. त्यांचं वाक्य टोचणारं आहे. ते पडल्याच्या रात्री बोलले असतील तर घाबरून बोलले असतील. निम्मं बरोबर आहे, निम्मं चूक. ब्रेक कमजोर नव्हता हे त्यांना कळलं. पण एवढी वर्षं टायर, शू, ऑइल न बदलता गाडी ‘नव्यासारखी’ ठेवली ती त्यांनीच, आणि पुढचा ब्रेक नको हेही बहुधा त्यांच्याकडूनच आलं असेल. हे त्यांच्या तोंडावर मारू नका. खडूची रेघ मारायला त्यांनाच सोबत घ्या. चाळीसवरून गाडी कुठे थांबते ते त्यांनाही बघू दे, आणि त्यांना चालवून बघायची असेल तर चालवू दे.

आगाऊ दिलेले दोन हजार परत मागा. माल आणला नसेल तर देईल. नाही दिले तर भांडत बसू नका. त्याच पैशात मागचा टायर त्याच्याकडूनच बसवून घ्या, आणि पैसे पुरे करण्याआधी ते चार आकडे वाचा. दुकानात पडून जुना झालेला टायरही ‘नवा’ म्हणून मिळतो.